पाच डॉलरची रायफल



बंदुकीचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रणांगणे उभी राहतात. तोड्याची बंदूक, ठासणीची बंदूक, टोपीची बंदूक आणि पुढे लष्करी रायफल अशा पायऱ्यांनी तो इतिहास आपल्याला सांगितला जातो, आणि प्रत्येक पायरीवर एखादे साम्राज्य उभे राहिलेले किंवा कोसळलेले असते. आज मी ज्या शस्त्राविषयी बोलणार आहे त्याच्या नावावर एकही मोठी लढाई नाही. त्याची गोळी शेंगदाण्याहून लहान, आवाज फटाक्याएवढा आणि खांद्याला बसणारा धक्का जवळजवळ नाहीच. आपल्याकडे त्याला ‘पॉइंट टू-टू’ किंवा ‘बावीस बोअर’ म्हणतात. आपल्यापैकी ज्यांनी विद्यार्थिदशेत एन. सी. सी.चा गणवेश घातला असेल त्यांनी बहुधा आयुष्यातली पहिली, आणि पुष्कळांनी शेवटचीही, गोळी याच रायफलीतून झाडली असेल.

या लहान रायफलीचा इतिहास सांगण्याजोगा आहे तो एका कारणासाठी. नेमबाजी हा एके काळी सरदार-जमीनदारांचा आणि सैनिकांचा विषय होता. तो शेतकऱ्याच्या मुलाच्या, गिरणी-कामगाराच्या आणि कारकुनाच्या हाती आला तो या रायफलीमुळे. बेताच्या मिळकतीच्या माणसाने नेम धरायला शिकायचे असेल आणि सशा-खारीएवढ्या लहान शिकारीपुरते शस्त्र बाळगायचे असेल, तर त्याने कोणती रायफल घ्यावी, हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे. त्याचे उत्तर दुकानदाराच्या यादीत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधले तर अधिक चांगले सापडते, असे माझे मत आहे.

प्रथम काडतुसाची रचना पाहू. १८४५ साली पॅरिसमधील लुई-निकोला फ्लोबेर या बंदूक-कारागिराने एक साधी युक्ती केली. टोपीच्या बंदुकीत ठिणगीसाठी जी तांब्याची टोपी वापरीत, तीच त्याने किंचित मोठी केली, तिला खाली कड काढली आणि तिच्या तोंडावर शिशाची बारीक गोळी बसविली. निराळी दारू नाहीच; टोपीतल्या स्फोटक मसाल्याच्या जोरावरच गोळी सुटावयाची. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जेवणानंतर करमणूक म्हणून नेमबाजी चाले, तेवढ्यासाठी ही योजना होती. पुढे अमेरिकेत होरेस स्मिथ आणि डॅनिएल वेसन या जोडीने १८५७ साली आपल्या लहान सात-बारी रिव्हॉल्व्हरसाठी याच कल्पनेत दारूची भर घातली. पितळी किंवा तांब्याच्या नळकांड्याच्या पोकळ कडेत स्फोटक मसाला, आत चार ग्रेन काळी दारू आणि पुढे एकोणतीस ग्रेनची, म्हणजे सुमारे दोन ग्रॅमची गोळी. यालाच ‘बावीस शॉर्ट’ म्हणतात, आणि ते काडतूस आजही तयार होते. दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकलेली यंत्रयुगातील वस्तू विरळाच.

या काडतुसाच्या मागच्या बाजूस मध्यभागी टोपी नसते. चाप ओढला की खिळा कडेवर आदळतो, कड चेपते, तिच्यातला मसाला पेटतो आणि दारू भडकते. म्हणून इंग्रजीत याला ‘रिमफायर’ म्हणजे कडेवर पेटणारे म्हणतात. या रचनेत त्याचे सामर्थ्य आणि दुबळेपणा दोन्ही आहेत. कड चेपली गेली पाहिजे म्हणून धातू पातळ ठेवावा लागतो. धातू पातळ म्हणून दारूचा दाब फार वाढविता येत नाही. अमेरिकन यादवी युद्धात हेन्री आणि स्पेन्सर या मोठ्या बोअरच्या रायफली याच पद्धतीच्या काडतुसांवर चालल्या. पण मध्यभागी टोपी असलेली मजबूत काडतुसे निघाली तशी ही मोठी कडवाली काडतुसे हळूहळू मागे पडली. लहान बावीस मात्र टिकले. त्याला मोठ्या दाबाची गरजच नव्हती, आणि स्वतंत्र टोपी नसल्यामुळे ते यंत्रावर अत्यंत स्वस्तात निघत असे. रिकामे नळकांडे पुन्हा भरता येत नाही, हा एक तोटा. परंतु इतक्या स्वस्त वस्तूला पुन्हा भरण्याचा खटाटोप करतो कोण?

१८८७ साली मॅसॅच्युसेट्स संस्थानातील चिकोपी फॉल्स येथील स्टीव्हन्स कंपनीने याच काडतुसाला लांब नळकांडे, पाच ग्रेन दारू आणि चाळीस ग्रेनची गोळी दिली. ‘बावीस लाँग रायफल’ ते हेच. शॉर्ट काडतूस जत्रेतल्या नेमबाजीच्या दुकानांना पुरेसे होते. पण पन्नास-शंभर यार्डांवर अचूक नेम साधावयाचा तर जड गोळी हवी होती, आणि ती या काडतुसाने दिली. आज जगात नेमबाजीचे जे प्राथमिक शिक्षण होते, ते बव्हंशी याच काडतुसावर किंवा हवेच्या बंदुकीवर होते.

आता रायफलीकडे वळू. युटा प्रांतातील ऑग्डेन गावचा जॉन मोझेस ब्राउनिंग हा बंदूकशास्त्रातला अलौकिक बुद्धीचा माणूस. त्याने विंचेस्टर कंपनीसाठी एकाहून एक गुंतागुंतीच्या रायफली रचल्या. त्यानेच एक अगदी साधी रायफलही रचली. ‘मॉडेल १९००’ या नावाने ती विकली गेली आणि तिची किंमत होती पाच डॉलर. एका वेळी एकच काडतूस. मागची मूठ हाताने ओढल्याशिवाय घोडा चढावयाचा नाही. दस्ता स्वस्त लाकडाचा. नक्षी, कोरीवकाम काही नाही. पाच डॉलर ही रक्कम किती? १९१४ साली हेन्री फोर्डने आपल्या कामगारांना दिवसाला पाच डॉलर देण्याचे जाहीर केले तेव्हा साऱ्या देशात खळबळ उडाली. म्हणजे फोर्डच्या त्या गाजलेल्या मजुरीच्या एका दिवसात रायफल! स्टीव्हन्स कंपनीची ‘फेवरिट’ ही एक-बारी रायफलही याच काळात लाखांनी खपली. टपालाने माल धाडणाऱ्या सिअर्स-रोबकसारख्या पेढ्यांच्या जाडजूड याद्यांत नांगराचे फाळ, शिवणयंत्रे आणि लहान रायफली एकाच पुस्तकात असत.

या एक-बारी रायफलीने एक अनपेक्षित गोष्ट शिकविली. ज्याच्याजवळ दुसरी गोळी झटकन नाही, तो पहिली जपून मारतो. अमेरिकेतल्या गरीब शेतकऱ्याच्या घरी खार किंवा ससा ही हौसेची शिकार नसे. ते संध्याकाळचे कालवण असे. काडतूस फुकट गेले तर पैसाही गेला आणि जेवणही. त्यामुळे जवळ जाणे, वाऱ्याचा अंदाज घेणे, टेकू शोधणे आणि खात्री नसेल तर चाप न ओढणे, या सवयी गरजेतून लागल्या. स्वस्त शस्त्राने शिस्त शिकविली ती अशी.

दुसरा अध्याय इंग्लंडचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. डिसेंबरच्या एकाच आठवड्यात स्टॉर्मबर्ग, मागर्सफाँटेन आणि कोलेन्सो या तीन ठिकाणी ब्रिटिश फौजांचा पराभव झाला. समोर होते शेतकरी. पण लहानपणापासून शिकारीवर वाढलेले, हाती माउझर रायफली घेतलेले शेतकरी. कोलेन्सोला लॉर्ड रॉबर्ट्सचा एकुलता एक मुलगा कामी आला, आणि त्याच सुमारास त्या युद्धाची सूत्रे पित्याच्या हाती देण्यात आली. हा रॉबर्ट्स आपल्याला परका नाही. त्याचा जन्म कानपूरचा आणि १८८५ ते १८९३ या काळात तो हिंदुस्थानचा सेनापती होता. युद्धाने त्याच्या मनावर ठसविले ते हे की, कवायतीत तरबेज असलेला शिपाई नेमात कच्चा असेल तर त्याचा उपयोग नाही. आणि नेम बराकीत दोन महिन्यांत येत नाही, तो नागरी आयुष्यात मुरावा लागतो.

परंतु लंडनचा कारकून किंवा मँचेस्टरचा गिरणी-कामगार रायफल चालविणार कोठे? मोठ्या बोअरच्या रायफलीला शेकडो यार्डांचे मोकळे मैदान आणि मागे टेकडी लागते. तिथवर जायला आगगाडीचे भाडे आणि रिकामा दिवस लागतो. त्याच्याजवळ दोन्ही नव्हती. १९०१ साली ‘मिनिएचर रायफल क्लब्ज’ची चळवळ सुरू झाली ती या अडचणीवरचा तोडगा म्हणून. बावीस बोअरला पंचवीस यार्ड पुरतात. चर्चचे सभागृह, कारखान्याचे तळघर, शाळेची पडवी, कोठेही भिंतीशी पोलादी पत्रा आणि वाळू ठेवली की संध्याकाळच्या दिव्यात नेमबाजी सुरू. रायफल सभासदाची नसली तरी चाले, मंडळाची असे. सभासदाने फक्त काडतुसांचे पैसे द्यावेत. बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीने जुन्या लष्करी मार्टिनी बंदुकीची यंत्ररचना लहान करून या मंडळांसाठी रायफली बनविल्या, आणि त्यांतल्या कित्येक आजही नेमाला पक्क्या आहेत. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लहान बोअरच्या स्पर्धा झाल्या. सात वर्षांत तळघरातून ऑलिंपिकपर्यंत हा प्रवास झाला.

या चळवळीचा हेतू मात्र निव्वळ खेळाचा नव्हता, हे आपण विसरू नये. पंचवीस यार्डांवर कागदी वर्तुळे भेदणारे कितीतरी तरुण १९१४ नंतर फ्रान्सच्या खंदकांत गेले आणि परतले नाहीत. जे साधन गरिबाच्या हाती खेळ म्हणून आले, त्यामागे राज्यकर्त्यांचा हिशेब होता. खेळ टिकला, हिशेब काळाच्या उदरात गडप झाला. १९४७ साली त्या संस्थेने आपले नाव बदलून राष्ट्रीय ‘स्मॉल-बोअर’ असोसिएशन असे केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तिसरे पर्व आले. तोपर्यंत काडतुसात एक महत्त्वाची सुधारणा झाली होती. जुन्या मसाल्यात क्लोरेटचे क्षार असत. त्यांचे अवशेष नळीत राहून ओल शोषीत आणि नळी गंजवीत. १९२० नंतरच्या दशकात न गंजविणारा मसाला निघाला आणि रायफलीचे आयुष्य एकदम वाढले. पुढे १९५९ साली रेमिंग्टनने नायलॉनचा दस्ता असलेली रायफल काढली. लोक हसले, पण ती पाऊस-चिखलात टिकली. १९६० साली मार्लिनची ‘मॉडेल ६०’ आली आणि १९६४ साली रूगरची ‘टेन-ट्वेंटीटू’. दोन्ही स्वयंभरणाच्या, म्हणजे एक गोळी सुटली की दुसरी आपोआप नळीत येणारी. रूगरची किंमत आरंभी साडेचोपन्न डॉलर होती. या दोन्हींचा खप पुढे दशलक्षांनी मोजला गेला. स्वस्ताईने एक-बारीची जागा भरभर चालणाऱ्या रायफलीला दिली, आणि त्याबरोबर ती जुनी शिस्तही थोडी सैल झाली, असे म्हणणारे अनुभवी नेमबाज पुष्कळ आहेत.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे येऊ. बेताच्या पैशात रायफल निवडावयाची तर या इतिहासावरून काय शिकावे?

पहिली गोष्ट ही की, पैसा नळीत आणि चापात असावा, शोभेत नसावा. ब्राउनिंगची पाच डॉलरची रायफल स्वस्त झाली ती लाकूड आणि नक्षी काढून टाकल्यामुळे. नळीतले आटे त्याने काढून टाकले नाहीत. चाप जड आणि खरखरीत असेल तर तो ओढताना नेम हलतो, आणि त्या दोषावर कोणतीही दुर्बीण उपाय नाही.

दुसरी गोष्ट, रायफल माणसाच्या अंगाला बसली पाहिजे. दस्ता लांब असला तर मुलाची मान ताणली जाते, आणि मग माशी व मागचे छिद्र एका रेषेत राहत नाहीत. शिंप्याकडे कपडा बेततात तसा दस्ता बेतावा लागतो. ऑलिंपिकमधील महागड्या रायफलींना ज्या अनेक कळा आणि पट्ट्या असतात, त्यांचे प्रयोजन बव्हंशी एवढेच आहे.

तिसरी गोष्ट काडतुसाची. एकाच रायफलीत एका जातीचे काडतूस रुपयाएवढ्या वर्तुळात गोळ्या टाकते आणि दुसऱ्या जातीचे बशीएवढ्या. अधिक वेगाचे काडतूस अधिक अचूक असते, हा गोड गैरसमज आहे. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने निघाली आणि वाटेत ध्वनीच्या वेगाखाली आली तर त्या संक्रमणात ती डळमळते. म्हणून निशाणाचे नेमबाज आरंभापासूनच ध्वनीहून मंद काडतूस पसंत करतात. शहाणा मनुष्य चार जातींची एकेक पेटी आणतो, टेकूवरून कागदावर मारून पाहतो, आणि जी त्या नळीला मानवते तीच घेतो. महागडी रायफल आणि निकृष्ट काडतूस या जोडीपेक्षा साधी रायफल आणि तिला मानवणारे काडतूस ही जोडी बहुधा जिंकते.

चौथी गोष्ट जुन्या मालाची. शिशाची मऊ गोळी आणि कमी दाब यामुळे या रायफलीची नळी झिजते फार सावकाश. म्हणून चाळीस वर्षांची एक-बारी रायफल नव्या स्वस्त रायफलीपेक्षा सरस ठरू शकते. मात्र दोन ठिकाणी पाहावे. एक, जुन्या मसाल्याच्या गंजाने नळीत खड्डे पडले आहेत काय. आणि दुसरे, रिकामी रायफल पुनःपुन्हा चालवून खिळ्याने नळीच्या तोंडाची कड ठेचली आहे काय. कड ठेचलेली असली की काडतूस अडते, कधी पेटतच नाही. काडतूस ज्या कडेवर जगते, तीच कड रायफलीचाही नाजूक भाग असावी, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

येथवर गुणगान झाले. आता दुसरी बाजू मांडली पाहिजे. लहान गोळी म्हणजे खेळणे नव्हे. मैलभर अंतरावरही ती माणसाला जखमी करू शकते. पाण्यावर किंवा खडकावर आपटून ती भलतीकडेच उडते. ५ जून १९६८ रोजी लॉस एंजल्स येथे रॉबर्ट केनेडी यांच्यावर ज्या रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या गेल्या, ते बावीस बोअरचेच होते. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून टपालाने बंदुका विकण्याची जुनी पद्धत बंद केली. इंग्लंडने १९८८ साली स्वयंभरणाच्या रायफलींवर बंदी घातली, पण बावीस रिमफायरला वगळले. कायदा करणाऱ्यांनीही या शस्त्राला निराळे मानले. परंतु निराळे म्हणजे निरुपद्रवी असा त्याचा अर्थ नाही. शिकारीतही हेच. पन्नास-साठ यार्डांपलीकडे या गोळीचा जोर आणि नेम दोन्ही ओसरतात. तेथून मारलेला प्राणी मरत नाही, जखमी होऊन झुडपात जातो आणि तडफडतो. स्वस्त काडतूस उधळण्याचा मोह ज्याला आवरत नाही, त्याने शिकारीच्या वाटेला जाऊ नये.

आणि आपला देश? येथे हा इतिहास अगदी निराळ्या वाटेने गेला. अमेरिकेत आणि इंग्लंडात सामान्य माणसाच्या हाती रायफल येत होती, त्याच काळात १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने लॉर्ड लिटनच्या सरकारने हिंदी माणसाच्या हातून ती काढून घेतली. युरोपियनांना सूट आणि हिंदी मनुष्याला परवाना, हा त्यातला अपमान अधिक बोचरा होता. १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला. रॉबर्ट्स मायदेशी कामगारांना नेमबाजी शिकवा म्हणून सांगत होता. ज्या देशात तो जन्मला आणि जेथे त्याने सेनापतिपद भूषविले, त्या देशाला तो उपदेश लागू नव्हता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. १९४८ साली एन. सी. सी. सुरू झाली आणि शाळा-कॉलेजांतील मुलामुलींच्या हाती बावीस बोअर आली. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले लोकसभेचे सभापती गणेश वासुदेव मावळंकर. १९५९ साली नवा शस्त्रकायदा संमत झाला. लहान शिकारीची वाट मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढील दुरुस्त्यांनी बंद केली. आज रानातला ससा मारणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. आपल्या रानांत आता मारण्याजोगे काही शिल्लक राहिलेले नाही, राखण्याजोगेच आहे. म्हणून आपल्यापुरता या रायफलीचा अर्थ एकच उरतो, तो म्हणजे निशाण.

त्या निशाणाने महाराष्ट्राला काय दिले ते आपण जाणता. मुंबईच्या अंजली भागवत एन. सी. सी.मधूनच नेमबाजीत आल्या. २०१० साली म्युनिक येथे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी पन्नास मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळविले, ते बावीस बोअरच्या रायफलीवर. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर तीन पोझिशन प्रकारात ब्राँझपदक जिंकले. नोकरीने ते तेव्हा मध्य रेल्वेचे तिकीट तपासनीस होते. पन्नास मीटरवरच्या त्या निशाणाचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते, आणि गोळीच मुळी साडेपाच मिलिमीटरहून किंचित जाड. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून ती गोळी त्या वर्तुळात घालावयाची.

पण येथेच एक प्रश्न मनाला टोचतो. ज्या रायफलीचा जन्म गरिबासाठी झाला, ती आपल्याकडे गरिबाच्या आवाक्यात आहे काय? स्पर्धेची रायफल परदेशातून यावी लागते, चांगली काडतुसेही बव्हंशी परदेशचीच, आणि परवान्याचे सोपस्कार निराळे. पदक मिळाल्यावर सत्कार करणारे पुष्कळ असतात. सरावाच्या हजारो काडतुसांचे पैसे मात्र बहुधा एखाद्या मध्यमवर्गीय बापाच्या पगारातून गेलेले असतात. इंग्लंडमधल्या त्या मंडळांनी १९०१ साली जे ओळखले, ते आपण अद्याप पुरते ओळखलेले नाही. प्रत्येकाने रायफल विकत घेण्याची गरज नाही. गावात एक सुरक्षित पंचवीस यार्डांची जागा, मंडळाच्या मालकीच्या चार साध्या रायफली, जाणता शिक्षक आणि कुलूपबंद कपाट, एवढे असले तरी पुष्कळ काम होते. तालीम म्हटली की प्रत्येकाने स्वतःची मुद्गलजोडी आणावी असे आपण कधी म्हटले नाही. ती आखाड्याचीच असे.

तेव्हा कोणती स्वस्त रायफल घ्यावी, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. जी एकट्याच्या पैशाने घेतली तरी दहा जणांना शिकवील, जी साधी आहे, नळीने आणि चापाने चोख आहे, आणि जी माणसाला दुसऱ्या गोळीची घाई करू देत नाही, ती घ्यावी. ब्राउनिंगने तीच बनविली होती. मागची मूठ हाताने ओढावयाची, एक काडतूस ठेवावयाचे, श्वास रोखावयाचा आणि मनाशी विचारावयाचे, ही गोळी कोठे जाणार हे मला नक्की ठाऊक आहे काय? उत्तर होकारार्थी असेल तरच चाप ओढावयाचा.